पाडव्याच्या दिवशी देवीचं घर

माझ्या वडिलांना देवी आल्या तेव्हा मी पाळण्यात होतो. त्याच साथीत माझा थोरला भाऊ गेला. वडील जगले, पण दोन्ही डोळे गेले. वडूजच्या पुढं माळाला आमची जिरायत जमीन, बाजरी-मटकीची. पाऊस झाला तरी आम्हाला त्याचा उपयोग कमीच, कारण औत धरायला घरात पुरुष नव्हता. आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची, त्या बदल्यात ते लोक आमच्या रानात औत घालायचे, पण स्वतःची पेरणी उरकल्यावर. तोवर ओल उडून गेलेली असायची. आमची बाजरी गावात सगळ्यांत उशिरा उगवायची आणि सगळ्यांत आधी वाळायची.

माझी थोरली बहीण, आक्का, तेव्हा दुसरीत होती. वडिलांना रानात न्यायला, परसाकडंला न्यायला कुणीतरी हवं, म्हणून तिची शाळा सुटली. ती पुढं आणि तिच्या खांद्यावर वडिलांचा हात, असे ते दोघं गावात हिंडायचे. तिची पाटी तशीच फळीवर पडून होती, ती पुढं मला मिळाली. मी शिकलो ते तिच्या वाट्याचं शिकलो. हे मी भाषणातही सांगतो आणि घरातही.

साताऱ्याच्या वसतिगृहात भाकऱ्या थापून मी मॅट्रिक झालो आणि सांगलीच्या कॉलेजातून बी.एस्सी. आमच्या सगळ्या भावकीत तोवर सातवी पास कुणी नव्हतं. ही बढाई आहे, आणि ती मारायचा मला हक्क आहे. नोकरी मात्र मिळाली ती देवीच्या टोचणीवर देखरेख करायची. भावकीतले म्हणाले, "येवढं शिकून काय केलंस, तर पोरास्नी रडवायची नोकरी!" वडिलांनी माझा लसीचा डबा मांडीवर घेतला, चारी बाजूंनी चाचपला आणि परत दिला.

संस्थानं विलीन झाली त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. मिरजेच्या एका दवाखान्यात देवी आलेला एक माणूस दाखल झाला. तिथल्या डॉक्टरांनी मला बोलावलं. माणूस तापानं फणफणत होता, पण शुद्धीवर होता. दोन आठवड्यांपूर्वी तो एका लग्नात वाढपी होता. ताप अंगात असतानाच त्यानं पंगती वाढल्या होत्या. मी विचारलं, "वऱ्हाड कुठनं कुठनं आलं होतं?" त्यानं दोन गावं सांगितली. एक माझ्या हद्दीबाहेरचं. त्या गावाकडं डॉक्टरांनी लगेच निरोप धाडला. दुसरं कवठे महांकाळच्या अलीकडचं. तिथं आक्काला दिली होती.

आक्काला लग्नानंतर कित्येक वर्षं मूल नव्हतं. नवसासायासानं पोर झालं, ते आता रांगत होतं आणि त्याला टोचलेलं नव्हतं. मी दोनदा विषय काढला होता, दोन्ही वेळा तिच्या सासूनं सांगितलं होतं, "जावळ काडल्याबिगर पोराच्या अंगाला लोखंड लावायचं न्हाई." जावळ निघायचं चैत्रातल्या जत्रेत, देवाच्या दारात. आणि त्या जत्रेला दहा गावांची पोरं त्या गावात गोळा व्हायची.

लग्नात ज्यांना लागण झाली असेल त्यांच्या अंगावर आता देवी उठायला लागल्या असणार, आणि धोका त्यांच्या घरच्यांना होता. देवीचा वारा लागल्यावर तीन-चार दिवसांत लस टोचली तर माणूस बहुधा सुटतो. त्याच्या पुढं काही सांगता येत नाही. मिरजेतून मी लसीच्या नळ्या ओल्या फडक्यात गुंडाळून घेतल्या. फाल्गुन संपत आलेला, ऊन असं की सायकलची गादी चटका देत होती. लसही उन्हानं मरते. मेलेली लस दिसायला जिवंत लसीसारखीच दिसते. वाटेत मिळेल त्या विहिरीवर उतरून मी फडकं भिजवत होतो आणि पुन्हा सायकल मारत होतो.

आता सांगतो की देवीचं घर आम्ही कसं ओळखायचो. घरात देवी आल्या की दाराला कडुलिंबाचा डहाळा लागायचा. आजाऱ्याला लिंबाच्या पाल्यावर निजवायचं. 'आजार' म्हणायचं नाही, 'आई आल्यात' म्हणायचं. घरात मटण नाही, दाढी नाही, बायकांनी डोकं विंचरायचं नाही. सगळ्यांत मोठं म्हणजे चुलीवर फोडणी द्यायची नाही, काही तळायचं नाही. तेलाचा चर्रकन आवाज झाला की आईला चटका बसतो, अशी समजूत. माझ्या आईनं वडिलांच्या आजारात सगळं अळणी उकडून घातलं होतं. मी आणि माझे टोचणारे गावात शिरलो की आधी दारं बघायचो. डहाळा दिसला की ते घर, आणि त्याच्या डाव्या-उजव्या बाजूची घरं, आधी टोचायची.

मी गावात पोचलो आणि वेशीतच थांबलो. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. पोरं झाडांवर चढलेली, बाया पदराच्या ओट्यातून लिंबाचे डहाळे नेत होत्या. रात्र मी चावडीत काढली, कारण अवेळी डबा बघून आक्काच्या सासूनं दारच लावून घेतलं असतं. सकाळी बघतो तर गल्लीतल्या एकूण एक दाराला कडुलिंब. गुढीला लिंब, चौकटीला लिंब, गोठ्याच्या खांबालासुद्धा लिंब. ज्याच्या घरात देवी आहेत त्याला त्या दिवशी काही लपवायची गरजच नव्हती.

मी पाटलांकडं गेलो. त्यांच्याही दाराला लिंब. मी लग्नाचं विचारलं.

"आमच्या गावातलं कुनीबी गेलं न्हाई."

"वाढपी सांगतोय, तुमच्या गावाची गाडी होती."

"गाडी हुती की. मानसं न्हवती."

"म्हणजे लग्नाला नुसती बैलं गेली?"

"त्यास्नीच आवतन हुतं," पाटील म्हणाले, आणि ओट्यावर बसलेले सगळे हसले. मलाही हसू आलं असतं, पण माझ्या डोळ्यांपुढं आक्काचं पोर रांगत होतं.

पाटील वाईट माणूस नव्हता. मला एका बाजूला घेऊन म्हणाला, "आवं, मागल्या साली संस्थानाची मानसं आली. वरल्या गल्लीतल्या एका घरातल्या वाकळा-घोंगडी जाळल्या, आजारी पोर उचलून माळावर तंबूत न्हेऊन ठिवलं. पोर तितंच गेलं. आईला तोंड बी बघू दिलं न्हाई. आता तुमीच सांगा, कोन सांगंल तुमास्नी?"

मी डबा उचलला आणि गल्लीत आलो.

मग मला फोडणी सुचली. लिंब लपला, पण चूल कशी लपेल? पाडव्याला पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडया-पापड्या, भजी. ज्या घरात देवी आहेत त्या घरात तेलाची कढई चढणार नाही. हे सुचायला कॉलेज लागत नाही, माझ्यासारख्या घरात जन्म लागतो. मी चुली पेटायच्या वेळी सगळ्या गल्ल्या पायी हिंडायला लागलो. दारासमोर जरा रेंगाळायचं, चपलेतला खडा काढायचं निमित्त करायचं आणि कान द्यायचा. चर्र आवाज आला, तिखटाचा ठसका आला की पुढं. लोक म्हणत असतील, देवीसायेबाला भूक लागलीय.

एका घरातून आवाज नव्हता. डोकावलो तर नुसती भाकरी आणि गूळ. त्यांच्याकडं तळायला तेल कधीच नसायचं. आमच्याकडंही नसायचं. तरी मी त्यांची पोरं अंगणात बोलावून घेतली आणि त्यांची अंगं बघितली. स्वच्छ होती. दुसऱ्या एका घरात गुढीच नव्हती. तिथला मुलगा काश्मिरात कामी आला होता, म्हणून त्या वर्षी सण नव्हता. म्हातारा दारातच बसला होता. मला म्हणाला, "पलटनीत समद्यास्नी टोचत्यात. माझ्या पोराला दोनदा टोचलं हुतं." मी त्याच्याजवळ थोडा वेळ बसलो. बसायला वेळ नव्हता, पण उठवेना.

बाकी सगळं गाव तळत होतं. ऐकून मला बरं वाटायला हवं होतं, पण उलट जास्तच धास्ती वाटायला लागली. वाढपी खोटं बोलत नव्हता. मग कुठं?

आक्काच्या घरी जेवायला गेलो. पाडव्याला बहिणीच्या घरचं जेवण टाळता येत नाही. दाजी ओसरीवर होते, दाढी वाढलेली. मी मनात म्हटलं, शेताची कामं. आक्का पाणी घेऊन आली, पदर कपाळापर्यंत ओढलेला. मी विचारलं, "बाळ?"

"निजलंय आतल्या घरात," ती म्हणाली आणि भरकन आत गेली.

तिच्या सासूनं स्वतः वाढलं. मी तिला मावशी म्हणत असे. तोंडावर देवीचे जुने वण, आवाज खणखणीत. पुरणपोळी, वर दूध, भात, आमटी.

"पाव्हणं, आज सणाचं तरी त्यो डबा लांब ठिवा. पोळी खावा, मग काय टोचायचं ते टोचा."

मी आमटीचा भुरका मारला. पाणचट होती. मीठ होतं, गूळ होता, चिंच होती. तेलाचा तवंग नव्हता, मोहरी नव्हती, कांदा-खोबऱ्याचा वास नव्हता. ताटात बघितलं तर कुरडई नाही, पापडी नाही, भजी नाही. सबंध सकाळ मी परक्यांच्या दारात कान लावून हिंडलो होतो, आणि हे एकच घर माझं म्हणून सोडून दिलं होतं.

"मावशी," मी म्हटलं, "आमटीला फोडणी नाही."

"त्याल संपलंय."

"आक्काचं डोकंही विंचरलेलं नाही. सणाला."

दाजी आमच्याकडं पाठ करून बाहेर बघत राहिले.

मी भरल्या ताटावरून उठलो. आमच्याकडं याच्यासारखा अपमान नाही, आणि तोही पाडव्याला, बहिणीच्या घरात. म्हातारी आतल्या दाराशी आडवी उभी राहिली.

"आत जायाचं न्हाई. आत आई आल्यात."

"कुणाला?"

"धाकल्याच्या पोराला."

धाकल्या दिराचा मुलगा, पाचएक वर्षांचा. आजीनंच त्याला लग्नाला नेलं होतं. मी दारातूनच बघितलं. लिंबाच्या पाल्यावर पोर निजलेलं, तोंड सुजून डोळे मिटलेले, अंगभर पाण्यानं भरलेले फोड. आणि त्याच खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात वाशाला बांधलेल्या झोळीत माझा भाचा.

आक्का माझ्या मागं येऊन उभी राहिली होती. "सांगनार हुते रं," ती हळू म्हणाली. "पर सांगितलं आसतं तर मला म्हायेरला धाडलं आसतं, पोर हितं ठिवून."

मला राग आला होता. कुणाचा ते सांगता येणार नाही. पण रागावून बोललो असतो तर म्हातारीनं दार लावून घेतलं असतं आणि माझी लस मिरजेपर्यंत तशीच परत गेली असती. मी डबा उघडला नाही. म्हणालो, "मावशी, त्याला मी कुठं नेणार नाही. माळावर नाही, तंबूत नाही. वाकळ जाळणार नाही. तो इथंच राहील."

"आन भाक दे."

मी तिच्या हातात हात दिला. आजाऱ्याला गावाबाहेर न्यायचा नियम होता, मला ठाऊक होतं. नंतर वरिष्ठांना मी तोंडावर सांगितलं, आणि त्यांनी मला बोलून घेतलं. पण त्या दारात मला नियमापेक्षा दार उघडं राहणं गरजेचं होतं.

"पण एक ऐका," मी म्हटलं. "तुमच्या अंगावर आई येऊन गेल्यात, तुम्हाला त्या परत येत नाहीत. तेव्हा त्याच्याजवळ तुम्हीच राहायचं. दुसरं कुणी आत जायचं नाही, त्याची आई नाही, आक्का नाही. दर्शनाला बाया येतील, त्यांनाही नाही. त्याचे कपडे तुम्हीच उकळायचे. तो तुमचा."

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं. तिला वाटलं होतं मी पोर काढून घेणार, आणि मी तर ते तिच्याच ओटीत घातलं.

"आन झोळीतल्याचं?"

"त्याला टोचायचं. आजच."

"आईच्या म्होरं सुई काडनार? ती बगत आसताना?"

"घरात नाही. मळ्यात, विहिरीवर."

"जावळ?"

"जावळाला हात लावत नाही. मला दंड पुरे."

आतलं पोर कण्हलं, ती आत जाऊन त्याला पाणी पाजून आली. मग म्हणाली, "आदी मला टोच. कोपली तर माज्यावर कोपू दे."

तिला देवी येऊन गेलेल्या. तिच्या अंगात लस धरणार नव्हती, एक नळी फुकट जाणार होती, आणि माझ्याजवळ नळ्या मोजक्या. तरी मळ्यातल्या विहिरीवर, लिंबाच्या सावलीत, मी आधी तिचा दंड पुसला आणि टोचलं. तिनं तोंड वेडंवाकडं केलं नाही. म्हणाली, "येवढंच व्हय? यासाठी लोक तुमाला घाबरत्यात?"

मग आक्का मांडी घालून बसली आणि पोराला तिनं घट्ट धरलं. पोर किंचाळलं. दाजींना, धाकल्या दिराला आणि त्याच्या बायकोला टोचलं. धाकल्याची बायको सबंध वेळ घराकडं बघत होती.

म्हातारी मळ्यातून परतली ती गल्लीच्या तोंडाला उभी राहिली आणि ओरडली, "माज्या घरात आई आल्यात! लगनाला आमी गेलो हुतो! गाडीत आनि कोन कोन हुतं ते सांगू, का आपल्या आपन भायेर पडताय?"

एकेक दार उघडलं. पाटलांची सून पहिली आली, पोर कडेवर घेऊन. ती गाडीत होती. पाटील तिच्या मागं खाली मान घालून आले. मी म्हटलं, "बैलांनाही आणलंय का?" त्यांनी सुनेच्या कडेवरचं पोर घेऊन त्याचा दंड पुढं केला, हीच त्यांची कबुली. खालच्या गल्लीत एक मुलगी तापात निघाली. तिच्या आईनं सकाळी मुद्दाम भजी तळली होती, मी दारावरून जाताना ऐकावं म्हणून. देवी कोपेल याच्यापेक्षा तिला माळावरच्या तंबूची भीती जास्त वाटत होती. दुसऱ्या दिवशी त्या मुलीला पुरळ उठलं. तिच्या घराचीही तीच व्यवस्था लावली. देवी येऊन गेलेली तिची चुलती तिच्याजवळ बसली. मिरजेहून आणखी लस मागवली आणि गाव टोचून काढलं. जत्रा त्या साली नुसत्या पालखीवर झाली. बाहेरगावची पोरं आली नाहीत, जावळं निघाली नाहीत. पाटलांनीच पुढाकार घेतला, मला बोलावं लागलं नाही.

पण माझं सगळं लक्ष एका दंडावर होतं. लस जिवंत असेल तर टोचल्या जागी लाल गाठ येते, मग फोड. पहिले काही दिवस काहीच नव्हतं. मी दुसऱ्या गावांना जायचो आणि सायकल परत तिकडंच वळायची. आक्का लांबूनच मान हलवायची, नाही म्हणून. मला ती विहीर आठवायची आणि वाटेतलं ऊन. कुठंतरी फडकं वाळलं असेल.

मग एके सकाळी तिनं मला दारातच ओढलं. दंडावर मसुराएवढी लाल गाठ होती. लस धरली होती.

त्यावर चारेक दिवसांनी पोराला ताप भरला. लसीचाही ताप येतो आणि देवीही तापानंच सुरू होतात, आणि नेमका दोन्हींचा काळ तोच. आक्का मला म्हणाली, "ह्यो कंचा?"

मी बी.एस्सी. होतो. मला सांगता आलं नाही. "उद्यापर्यंत थांब," म्हणालो.

आम्ही थांबलो. ती पोराचं कपाळ बघायची, मी तळहात आणि तळपाय. आतून धाकल्याचं पोर आजीला हाक मारायचं, म्हातारी ओ द्यायची, पण बाहेर यायची नाही. दार लोटलेलंच ठेवायची. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. अंग कोरडं होतं. दंडावर तेवढा टपोरा फोड, आणि तो सोडून कुठं काही नाही. आक्कानं पोर उघडं करून उन्हात धरलं, पाठ, पोट, काखा, बोटांच्या बेचक्या, सगळं बघितलं, आणि मग डोकं विंचरायला बसली.

धाकल्याचा मुलगा वाचला. तोंडावर वण राहिले. खालच्या गल्लीतली मुलगीही वाचली. लग्नातली दुसरी गाडी ज्या गावाला गेली होती तिथं निरोप पोचला होता, पण दारं उघडली नाहीत. तिथं बरीच माणसं गेली. आक्काच्या गावात आजार दोन घरांच्या पुढं गेला नाही, तिथं त्या साली देवीनं कुणी मेलं नाही, आणि माझ्या भाच्याला देवी आल्या नाहीत.